बन्सीनं लपवलेला बैल

मार्गशीर्षातला गुरुवार होता. बन्सी नवले कांद्याला पाणी देऊन मळ्यातून घरी आला, तर ओसरीच्या शहाबादी फरशीवर त्याला लक्ष्मीची पावलं दिसली. लाल, ठसठशीत, टाचेपासून अंगठ्यापर्यंत उमटलेली. त्या दिवशी बेलापुरात घरोघर बाया दारात रांगोळीची पावलं काढत, त्यामुळं पावलांचं त्याला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं. ही लक्ष्मी चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत गेली होती, देव्हाऱ्यापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीतून पुन्हा चुलीपाशी, आणि सगळीकडं नुसत्या उजव्या पायानं.

“अगं, कुंकू किती सांडलंस?” त्यानं दारातनंच विचारलं.

भागिरथी चुलीपुढं भाकरी थापत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी कशाला सांडू? तुमीच चिखलाचे पाय घेऊन आला असाल.”

“मी अजून उंबऱ्याच्या भाईर हाय.”

मग तो आत आला आणि तिच्या पायाशी वाकला. भागिरथीच्या उजव्या टाचेत हिरव्या बांगडीची काच रुतली होती. सकाळी न्हाणीत बांगडी पिचली होती, तेव्हापासून ही बाई त्या काचेवर घरभर फिरत होती. देवपूजा झाली, पाणी भरून झालं, भाकरीची चवड लागली.

“तुला दुखत न्हाई?”

“काय दुखत न्हाई?” भागिरथीनं उलट विचारलं.

भागिरथीला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. आधी चहातली साखर गेली, मग लग्नातली बुंदी गेली, आणि अलीकडं नजर जायला लागली होती. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की शुगरनं पडद्याला मार बसलाय, आहे तेवढी नजर टिकली तरी मिळवली. समोरच्या माणसाचं तोंड तिला धुक्यात असल्यासारखं दिसे. पण घर तिच्या हाताला पाठ होतं. मिठाचा डबा कुठं, फडताळात काय, कोंबडी कुठल्या कोपऱ्यात अंडं घालते, सगळं तिला ठाऊक. म्हणून तिचं काही अडतंय असं बन्सीला कधी वाटलंच नाही. त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा अजून हातात मिळत होता.

श्रीरामपूरच्या डॉक्टर जयमालाबाईंनी काच काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. मग कापसाची बारीक वात करून त्या भागिरथीच्या पायाशी बसल्या.

“आजी, डोळे मिटा. पायाला काही लागलं की सांगा.”

“लागलं,” भागिरथी म्हणाली.

“आता?”

“लागलं की.”

“आजी, मी अजून वात लावलीच नाही.”

डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून ती हो म्हणत होती. मग बाईंनी वात खरोखर तळव्यावरून फिरवली, बोटांवरून फिरवली, तेव्हा ती शांतपणे छताकडं तोंड करून वाट बघत राहिली.

“यांना पाय दिसत नाहीत, आणि पायाला लागलेलं कळत नाही,” जयमालाबाई बन्सीला म्हणाल्या. “अशानं एखादी जखम आतल्या आत चिघळते आणि पायच काढायची वेळ येते. रोज कुणीतरी यांचे पाय नीट पाहिले पाहिजेत. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे बघायला बन्सीनं मागं वळून पाहिलं. मागं वजनाचा काटा होता.

“घरी कोण असतं बाबा?”

“पोरगा-सून पिंपरीला. हितं आमी दोघंच.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पण पाणी आजींनी पायानं अजमावायचं नाही, बन्सीनं कोपर घालून पाहायचं. बेचक्या कोरड्या करायच्या. टाचेला तेल चोळायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. थंडी वाजली तरी पाय चुलीपुढं शेकायचे नाहीत. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, आणि चप्पल घालायच्या आधी आत हात घालून बघायचा.

“चुलीपुढं चप्पल?” भागिरथी म्हणाली. “आन् देवाम्होरं?”

“देवाला सांगा, डॉक्टरनं सांगितलंय.”

एसटीनं दोघं परत निघाली. बेलापूरचा फाटा आल्यावर भागिरथी म्हणाली, “तुमी माझ्या पायाला हात लावायचा न्हाई. मला पाप लागंल.”

“पाय गेला म्हंजी पाप कुठं लागंल?” बन्सी म्हणाला. त्यावर तिनं तोड काढली. त्यानं तिच्या पायाला हात लावला की तिनं लगेच त्याच्या पाया पडायचं, म्हणजे हिशेब तिथल्या तिथं मिटला.

चप्पलेचा प्रश्न तिनं वेगळ्या वाटेनं सोडवला. पिंपरीच्या पोरानं, सचिननं, पाठवलेले कापडी बूट पेटीत पडून होते. ते नवेकोरे होते, गावाची माती त्यांना लागली नव्हती, म्हणजे ते सोवळ्यातले, असा तिनं निकाल दिला. लुगडं आणि पांढरे बूट अशा थाटात ती भाकऱ्या थापू लागली.

राहिला पाय बघण्याचा प्रश्न. हे काम करायचं कुठं? घरात दार लावून केलं तर दिवसा दार का लावलं म्हणून गाव विचारणार. शिवाय आत अंधार, आणि दिव्याचा भरवसा नाही. ओट्यावर ऊन चांगलं होतं, पण ओट्यावर बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसणं म्हणजे गावाला आयतं तोंडी लावणं. बन्सी काही साधासुधा माणूस नव्हता. उभ्या तालुक्यात बैलाची पारख त्याच्यासारखी कुणाला नाही असा लौकिक होता. घोडेगावच्या बाजारात लोक त्याला सोबत नेत. त्यानं बैलाचा पाय उचलून खूर पाहिला आणि मान हलवली की सौदा मोडे.

शेवटी त्याला गोठा आठवला. नांगरट ट्रॅक्टरवर गेल्यापासून त्यानं बैल विकले होते, आणि परसातला गोठा रिकामा होता. सकाळी त्यात चांगलं ऊन येई. तीन बाजूंनी तुराट्यांचा कुड, चौथ्या बाजूला घर. बन्सीनं गव्हाणीजवळ पोतं अंथरलं, भागिरथीला उलट्या पाटीवर बसवलं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं की हे काम त्याला येतं. पाय कसा धरायचा, तळवा उन्हाकडं कसा वळवायचा, कुठं दाबून बघायचं, हात आपोआप चालू लागले. हातांबरोबर तोंडही चालू लागलं.

“हो, हो, हो. हालू नको. पाय दे. हां. खूर बेस हाय. आता दुसरा.”

“मी काय बैल हाय का?” भागिरथी दबक्या आवाजात म्हणाली.

“बैल असता तर एवढं बोलला नसता.”

तेव्हापासून शरमेनं म्हणा, रागानं म्हणा, ती गोठ्यात तोंड उघडीनाशी झाली. त्याचं काम झालं की वाकून नमस्कार मात्र करी. नजर धूसर असल्यामुळं तो कधी त्याच्या पायांना पोचे, कधी शेजारच्या बादलीला. एकदा तिनं फार मनोभावे डोकं टेकवलं ते गव्हाणीवर.

एके दिवशी डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला बन्सीला एक जुना वण दिसला, चंद्रकोरीसारखा. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तो त्यानं कधी पाहिला नव्हता.

“हे कसलं गं?”

“खुरपं लागलं हुतं. सचिन पोटात हुता तवा,” कधी नव्हे ती भागिरथी त्याच्या कानाशी कुजबुजली.

“मला न्हाई सांगितलंस.”

“सांगितलं हुतं. तुमी घोडेगावास्नं खिल्लारी जोड आनली हुती, लोकास्नी तिचे दात दाखवत हुता.”

बन्सीनं टाचेला तेल चोळलं. त्या दिवशी जरा जास्तच वेळ चोळलं.

आता कुडाच्या पलीकडं आसारामचं परस होतं. आसाराम बन्सीचा शाळेपासूनचा सोबती. पोटात गोष्ट न राहणारा, आणि दुसऱ्याच्या पोटातली काढून घेणारा. रोज सकाळी कुडापलीकडून त्याच्या कानावर शब्द येऊ लागले. “पाय दे. हालू नको. नख वाढलंय. खुराला काय न्हाई. देखणे पाय हायेत, अजून लई वर्सं काय व्हत न्हाई.” दुसरा आवाज कुणाचाच नाही. कुडाला डोळा लावून पाहिलं, तर बन्सीची पाठ आणि त्याच्या पलीकडं काहीतरी पांढरं. ते काढून ठेवलेले बूट होते, हे त्याला कुठलं कळायला!

आसारामनं मनाशी खूणगाठ बांधली. बन्सीनं बैल आणलाय. चोरून आणलाय, म्हणजे काहीतरी अफाट जनावर असणार.

दुपारपर्यंत चावडीवर बैल आला होता. संध्याकाळपर्यंत तो म्हैसूर भागातनं आला होता. दुसऱ्या दिवशी देवळापाशी एकजण शपथेवर सांगत होता की आपण त्याचं हंबरणं ऐकलं. बन्सीला लोक वाटेत गाठून विचारू लागले, “काय, गोठा भरला म्हनं?” बन्सीला वाटलं, आपलं बिंग फुटलं. तो लाल होऊन म्हणे, “घरातली गोष्ट हाय, चारचौघांत कशाला?” त्यावर लोकांची खात्रीच पटे.

“वयानं कसं हाय?” एकानं विचारलं.

“तू भेटायला ये की मग,” बन्सी चिडून म्हणाला. “वय काय इचारतो?”

“तसं न्हाई, दात जुळले का, एवढंच.”

बैलाचं वय दातांवरून काढतात, पण बन्सीच्या मनात बैल नव्हता. भागिरथीच्या दाढा मागच्याच वर्षी पडल्या होत्या.

शेवटी ही बातमी मच्छिंद्रपर्यंत गेली. मच्छिंद्र हा राहुरीकडचा बैलांचा दलाल, स्वतःचा टेम्पो बाळगून होता. एका सकाळी त्यानं तो टेम्पो सरळ बन्सीच्या दारात आणून लावला. टेम्पोत मऊ कडबा पसरलेला, नवं दावं तयार. शेजारी आसाराम बसून आलेला. बन्सी आणि भागिरथी नुकतेच गोठ्यातनं घरात आले होते.

“बन्सीभाऊ, दाखवा,” मच्छिंद्र ओट्यावर टेकत म्हणाला.

“काय दाखवू?”

“उगं लपवू नका. पाय रोज बघता, तेल चोळता, समदं ठाऊक हाय आमाला.”

बन्सीनं आसारामकडं जळजळीत नजर टाकली. “बघतो. मग? डॉक्टरनं सांगितलंय.”

“डॉक्टर लावलाय,” मच्छिंद्र आसारामला हळूच म्हणाला. “भारी जनावर दिसतंय.”

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली घ्यायचे आणि बोटं दाबून सौदा करायचा, अशी रीत. मच्छिंद्रनं खांद्यावरचं उपरणं काढलं, बन्सीच्या हातावर टाकलं आणि खालून दोन बोटं दाबली. बन्सीला काही कळेना. त्यानं हात ओढून घेतला. मच्छिंद्रला वाटलं, भाव कमी पडला. त्यानं आणखी एक बोट दाबलं. बन्सीनं पुन्हा हात ओढला. मच्छिंद्रच्या कपाळावर घाम आला. त्यानं सगळा पंजा आवळला.

“आता अडू नका भाऊ. एवढ्यात जोडी येती.”

तेव्हा कुठं बन्सीच्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडल्यावर आणखीच पंचाईत झाली. बैल नाही म्हणावं तर गोठ्यात काय करतो हे सांगणं आलं. बैल आहे म्हणावं तर दाखवणं आलं.

“ह्यांना जरा दम घेऊ द्या मच्छिंद्रदादा,” दारातनं आवाज आला. “त्या बैलाला बोलता येतं, तोच सांगंल.”

भागिरथी उंबऱ्यात उभी होती. भिंतीला हात लावत ती बाहेर आली, बाजेवर बसली, कापडी बूट काढून नीट बाजूला ठेवले, आणि दोन्ही पाय पाहुण्यांसमोर लांब केले.

“हा घ्या तुमचा बैल. माझ्या पायाला लागलेलं कळत न्हाई, आन् मला दिसत न्हाई. हे रोज बघत्यात. गोठ्यात बघत्यात, कारन तुमच्यासारख्यांचं भ्या वाटतं. आता दात बघायचे तर तेबी बघा.”

मच्छिंद्रनं घाईघाईनं उपरणं खांद्यावर टाकलं आणि हात जोडले. “चुकलं, माय.”

आसाराम मात्र हसत सुटला. आधी खुसुखुसु, मग पोट धरून, मग बाजेच्या खुराला धरून. “बन्सी बायकोचे पाय धरतो,” असं म्हणता म्हणता त्याचा दम लागला. बन्सी खाली मान घालून उभा होता. आता हे संध्याकाळी चावडीवर, उद्या बाजारात, परवा सासुरवाडीला, हे त्याला दिसत होतं.

भागिरथी हसली नाही. तिनं नाक वर केलं, इकडं तिकडं वळवलं.

“वास कसला येतोय?”

“टेम्पोत शेण असंल,” मच्छिंद्र म्हणाला.

“शेणाचा वास मला कळतो. ह्यो त्यो न्हाई. आसारामभावजी, तुमी हालला की येतो.”

आसारामचं हसणं थांबलं. बन्सीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच आसारामकडं नीट बघितलं, बाजारात आलेल्या बैलाकडं बघावं तसं. आसाराम उभा होता, पण उजव्या पायाची टाच बाहेर वळवून.

“तुलाबी साखर हाय ना रं?”

“किरकोळ. मी कारल्याचा रस पितो.”

“आन् वर जिलबी खातो. चप्पल काढ.”

“काय न्हाई झालं. मला काय दुखत न्हाई.”

“तेच तर,” भागिरथी म्हणाली.

आसाराम मागं सरकला. पण घोडेगावच्या बाजारात लाथाळ बैल ज्यानं एका हातानं वठणीवर आणले, त्याच्यापुढं आसाराम काय टिकणार? बन्सीनं त्याला बाजेवर बसवलं, पाय धरला, चप्पल काढली. “हालू नको,” तो म्हणाला. मच्छिंद्रनं बघितलं आणि तोंड फिरवलं. चपलेच्या तळातनं खिळा वर आला होता. तो किती दिवस अंगठ्याखाली रुतत होता कोण जाणे. तळव्याला भोक पडलं होतं, भोवतीची कातडी काळी पडली होती, शेजारचं बोट निळं झालं होतं.

आसारामनं स्वतःचा तळवा पाहण्यासाठी पाय वळवून घेतला.

“हे माझंच हाय?” त्यानं विचारलं.

कुडापलीकडून त्याची बायको गोजरबाई धावत आली. पदर तोंडाला लावून तिनं आधी नवऱ्याला शिव्या घातल्या, मग कारल्याला, मग चपला शिवणाऱ्याला, आणि मग रडायला बसली. भागिरथीनं तिला अंदाजानं हात धरून उठवलं.

“रडू नको. आधी ह्यांना न्या.”

एसटीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. बैल न्यायला आणलेल्या टेम्पोत, मऊ कडब्यावर, आसारामला पाय लांब करून निजवला. पडू नये म्हणून एका बाजूला बन्सी बसला, एका बाजूला गोजरबाई. मच्छिंद्रनं टेम्पो जपून चालवला, खड्डा आला की गाईगुरांसाठी लागलेल्या सवयीनं तोंडानं चुचकारत. चावडीवरचे लोक उठून उभे राहिले. बन्सीचा बैल विकला गेला, असं त्यांना वाटलं. फळीवरून डोकावून पाहिलं तर आत आसाराम.

जयमालाबाईंनी आसारामला पुढं नगरला पाठवलं. तिथं ते निळं बोट काढावं लागलं. पाय वाचला. आणखी आठवडाभर गेला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आसाराम परत आला तो बराच शांत होऊन आला. नऊ बोटांचा माणूस म्हणून गावानं एक-दोन दिवस त्याची थट्टा करून पाहिली, पण तो थट्टेला उत्तर देईना, तेव्हा थट्टा वठली.

बन्सीची थट्टा करायला मात्र कुणी धजलं नाही. उलट एकदा दुपारी गावातला एक जाडजूड सावकारी थाटाचा म्हातारा परसातनं आला, इकडं तिकडं बघून म्हणाला, “बन्सीआप्पा, माझीबी टाच जरा बघ. कुनाला सांगू नको.” बन्सीनं पाहिली, भेगेत काळं दिसलं, आणि त्यानं एवढंच सांगितलं की श्रीरामपूरला जा, मला यातलं काय कळत नाही, डॉक्टरीणबाईंना कळतं. म्हातारा गेला. त्यानंतर आणखी दोघं आले.

पाय बघण्याचं काम आता ओट्यावरच होऊ लागलं. पलीकडं आसारामच्या ओट्यावर गोजरबाई चष्मा लावून नवऱ्याचा तळवा उन्हाकडं धरी, आणि मधूनमधून ओरडून विचारी, “भागिरथीबाई, बेचक्यात तेल लावायचं का न्हाई?” “न्हाई,” भागिरथी इकडून सांगे, “चांगलं पुसून घे.” भागिरथीच्या टाचेची जखम भरली होती. नजर काही सुधारली नाही, उलट थोडी आणखी गेली. पण ती बूट घालून एकटी आडापर्यंत जाऊन येई, आणि वाटेत कोण भेटलं हे पावलांच्या आवाजावरून ओळखी.

चैत्रातल्या एका सकाळी बन्सी तिचे पाय बघून उठायला लागला, तर तिनं त्याचा हात धरला.

“बसा. आता तुमचे दावा.”

“मला कुठं साखर हाय?”

“दावा म्हनलं ना.”

बन्सी बाजेवर बसला. चारी बाजूंना बघून त्यानं पाय पुढं केले. भागिरथीनं ते मांडीवर घेतले आणि बोटांनी चाचपू लागली. टाचा भेगांनी भरल्या होत्या. एका भेगेत तिचं नख आत जात होतं, तिथं मळ्यातली काळी माती बसली होती. ती प्रत्येक भेगेवरून बोट फिरवून पुढं सरकत होती, घाई न करता.

“लई फुटल्यात,” ती म्हणाली. “उभा जन्म चिखलात घातला. कधी बोलला न्हाई.”

मग तिनं वाटीतलं तेल हातावर घेतलं आणि तळव्याला लावलं. आणि तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली, जी बन्सीच्या आईनंतर कुणालाच ठाऊक नव्हती. लाथाळ बैलांना वठणीवर आणणाऱ्या बन्सी नवल्याच्या तळव्याला भयंकर गुदगुल्या होत असत. त्यानं ओठ चावला, बाजेची दोरी धरली, देवाचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही. तो असा हसत सुटला की आडावरच्या बाया घागरी तशाच ठेवून बघायला आल्या.

“हालू नका,” भागिरथी म्हणाली, आणि दुसरा पाय ओढून घेतला.